वाढदिवसाचा फ्लेक्स

निवडणुकीत पडलेले सरपंच रावजी बयाबाईच्या बकऱ्यांच्या गोठ्यापाशी थबकले. पोलादपूरच्या नाक्यावर झळकलेला त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गोठ्याच्या छपरावर ताणून बांधला होता.

"काकी, माझा फोटो गोठ्यावर? लाज नाय वाटत?"

म्हातारीने फ्लेक्सवरचा गोरापान चेहरा पाहिला, काळेभोर केस पाहिले, मग रावजींचं टक्कल पाहिलं.

"हा तू हायस?"

"मीच! काढ तो आधी!"

"काढते रे बाबा, मीच वैतागलेय त्याला. एका पावसाळ्यात फाटला, सगळं पाणी बकऱ्यांच्या अंगावर गळतंय. तुझ्या आधीच्या सरपंचाचा चांगला चार वर्सं टिकला. आता नव्याचा वाढदिवस कधी हाय, तेवढं सांग."