पेठेतला चुडा

"दारात गाडी आली नाही, तर गिऱ्हाईक येणार कुठून?" नगरपालिकेच्या सभेत दत्तोबा कासारांनी थयथयाट केला. त्यांच्याच बायकोनं, मालनबाईंनी, पेठेतल्या वाहनबंदीच्या बाजूनं हात वर केला. तेव्हापासून घरात अबोला होता.

आज बंदीचा पहिला दिवस. दत्तोबा दुकानाला काळा झेंडा लावून धास्तावून बसले होते. तोच आयाबायांसह एक नवरी चालत आली. तिला चुडा भरताना दत्तोबांनी सवयीनं श्वास रोखला. नेमका याच वेळी हॉर्न वाजायचा, हात दचकायचा, बांगडी वाढायची नि नवरीच्या आईचा चेहरा उतरायचा.

आज एकही काच तडकली नाही. मागे बायकांची रांग लागली. दत्तोबांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी त्यांनी त्याच झेंड्यानं कपाट पुसलं.

"अहो, पुढच्या सभेत बंदी कायम ठेवायला हात वर कराल ना?" मालनबाईंनी अबोला सोडला.

"दोन्ही करतो!"