श्रोते मंत्रमुग्ध झाले

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटे. कामरगावच्या सभामंडपात खुर्च्या एकशे वीस, माणसे दोन.

तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले नानाजी ध्वनियंत्रापाशी बसून संध्याकाळच्या भजनाची बातमी मोबाईलवर लिहीत होते. कार्यक्रम सहाला होता. वर्तमानपत्राचे कार्यालय गावाकडच्या बातम्या पाचपर्यंतच घेत असे. त्यामुळे कार्यक्रमाची बातमी ते नेहमी कार्यक्रमाआधीच पाठवीत. आजवर एकही चुकली नव्हती.

माईक तपासायला आलेल्या विजयमालाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरून वाचले. “‘श्रोते मंत्रमुग्ध झाले.’ कुठी हायेत हे श्रोते?”

“येतीन.”

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. “मंगळवारी माह्या गळ्याचं ऑपरेशन हाय. आवाज राहीन का जाईन, डॉक्टरले बी सांगता येत नाही. तीस वर्सं झाले, तुमी हेच लिहून राह्यले. मंत्रमुग्ध मंजे काय होते हो माणसाले?”

नानाजींनी थोडा विचार केला. “ध्यान दुसरीकडं जात नाही.”

“तुमचं झालं कधी असं?”

“माह्यं ध्यान मशीनीवर ठेवा लागते. नाही त शिट्टी मारते ते.”

“मशीन नशिबाची हाय. तिची शिट्टी तरी ऐकता.”

नानाजींनी यंत्र बंद केले. लाल दिवा विझला.

“म्हण.”

“आता? कोणतं?”

“संध्याकाळचं नको. तुले वाटन ते.”

विजयमालाबाई माईकशिवाय गाऊ लागल्या. ते भजन नव्हते. घरात कोणी नसताना, अंगणात तूर पाखडताना त्या म्हणत ते होते. नानाजींनी ते कधी ऐकले नव्हते. उंच सुरावर आवाज फाटला. त्या थांबल्या आणि त्यांनी तेथूनच पुन्हा धरले. नानाजींचा उजवा हात सवयीने बटणाकडे निघाला आणि वाटेतच मांडीवर पडून राहिला.

टाळ घेऊन आलेल्या लिलाबाई दारातच उभ्या राहिल्या. एक गाणे संपले. विजयमालाबाईंनी दुसरे सुरू केले. टेबलावरचा मोबाईल दोनदा थरथरला.

बातमी पाठवायची राहून गेली. रविवारच्या अंकात कामरगावच्या भजनाबद्दल छापून आलेल्या ओळी: शून्य.