वादाचं खरं कारण

"अनुक्रमांक सोळा," अण्णाजींनी वाचलं. "पक्षकार, सख्ख्या जावा. वादाचं खरं कारण, विहिरीवरची पाळी. दोघींना समोरासमोर बसवून समेट केला."

वर्गात टाळ्या पडल्या. सन अठ्ठ्याहत्तरमधली रविवारची सकाळ होती आणि समुद्रपूरच्या शाळेत, चौथीच्या वर्गात, अकरा गावांतली अकरा माणसं सतरंजीवर बसली होती. अकराही जण भांडणं मिटवणारे. आजवर प्रत्येकानं आपापल्या गावात एकट्यानंच डोकेफोड केली होती. आता त्यांचं मंडळ होणार होतं. महिन्यातून एकदा एकत्र बसायचं, अडलेलं भांडण सगळ्यांनी मिळून सोडवायचं, नव्या माणसांना हे काम शिकवायचं. त्यासाठी अण्णाजी दोन वर्षं एसटीचे धक्के खात गावोगाव हिंडले होते. लोक त्यांची थट्टाही करत, की या अकरा जणांतच जुंपली तर मिटवायला कोणाला बोलावणार?

वर्ध्याच्या वकिलांनी सांगितलं होतं, मंडळाच्या नोंदणीच्या अर्जाला आजवरच्या कामाची यादी जोडा आणि ती सभेत वाचून मंजूर करून घ्या. रकानेही त्यांनीच आखून दिले होते. पक्षकार, वादाचं खरं कारण, समेट कसा झाला. भांडणं मिटवताना अण्णाजींनी उभ्या आयुष्यात शंभर थापा मारल्या असतील, पण अर्जाच्या कागदावर खोटं लिहायला त्यांचा हात धजावला नाही. घरच्या वहीत होतं तसं त्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. एवढ्यावर थांबते तरी बरं होतं. सभेला शोभा यावी म्हणून, ज्यांची भांडणं मिटली अशा काही जणांना त्यांनी आग्रहानं बोलावलंही होतं. रूपराव आणि त्याचा धाकटा भाऊ लहानू अगदी पुढंच, मांडीला मांडी लावून बसले होते.

"अनुक्रमांक सतरा." अण्णाजी आता रंगात आले होते. "पक्षकार, रूपराव व लहानू, सख्खे भाऊ. वादाचं खरं कारण, रूपरावनं शेताचा धुरा, म्हणजे बांध, दीड हात लहानूच्या वावरात सरकवला. तसं त्यानं एकांतात कबूल केलं. नांगरटीत धुरा सरकला असं लहानूला सांगून..."

"अण्णाजी, थांबा!" अकरा जणांतल्या, जाम गावच्या मनकर्णाबाई ओरडल्या.

अण्णाजींनी मान वर केली. समोर लहानू होता. ही जीभ आताच्या आता झडून पडावी, असं त्यांना वाटलं.

"काऊन थांबले, अण्णाजी?" सभेचे अध्यक्ष हिरालाल शेट म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष चहाकडं होतं. "वाचा ना. झकास चालू हाये."

लहानूनं भावाकडं वळून पाहिलं. "दादा, नांगरानं सरकला होता म्हने ना धुरा?"

रूपराव सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

"अण्णाजी," लहानू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "दादावर खोटा आळ घेतला म्हनून तुमी मले त्याच्या पाया पडाले लावलं. साऱ्या गावासमोर. माही बायको उभी होती तिथं. लेकरं होती."

"घर तुटू नाई म्हनून केलं रे, बाप्पा."

"मंग आज काऊन सांगतलं?"

अण्णाजी तीस वर्षांत शब्दाला कधी अडले नव्हते. कुऱ्हाड घेऊन निघालेल्या माणसाला त्यांनी बोलता बोलता खाली बसवलं होतं. आज ते नुसते हातातल्या कागदाकडं बघत राहिले. त्यावर अक्षर मात्र फार सुरेख आलं होतं.

लहानू उठला आणि बाहेर पडला. पाठोपाठ रूपरावही खाली मान घालून निघाला.

"जा त्यायच्या मागं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "यादी राहू द्या."

अण्णाजी बाहेर आले तेव्हा लहानू शाळेच्या कुंपणापाशी गाडीच्या चाकाला बांधलेला बैल सोडत होता. समेट झाल्यापासून दोघा भावांनी एक एक बैल घालून जोडी केली होती. त्याच जोडीवर दोघांची वावरं पिकत होती आणि आज सभेलाही दोघं त्याच गाडीतून आले होते. लहानूनं आपल्या बैलाचं दावं हाताला गुंडाळलं आणि रस्त्याला लागला. अण्णाजींनी दोनदा हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

वर्गातून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मंडळ एकमतानं स्थापन झालं होतं आणि हिरालाल शेट मोठ्यानं मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाचं नाव पुकारत होते. ते अण्णाजींचंच होतं.

रूपरावनं सवयीनं जू उचललं आणि आपल्या बैलाच्या मानेवर ठेवलं. दुसरी बाजू कलून खाली मातीला टेकू लागली. अण्णाजींनी कागद काखेत धरले, पुढं होऊन ती रिकामी बाजू दोन्ही हातांनी वर उचलली.

"राहू द्या, अण्णाजी," रूपराव त्यांच्याकडं न बघता म्हणाला. "तुमची सभा खोळंबली असन."

अण्णाजी जू धरून तसेच उभे राहिले.