कॉकॅटेलचे कागद

डोमाबाबूंनी रंभाबाईंचा अर्ज अकराव्यांदा परत केला.

"फोटोत पाखराचा तुरा नीट दिसत नाई, बाई. पुढच्या सोमवारी दुसरा आना."

रंभाबाईंनी वाद घातला नाही. फोटो पिशवीत घातला आणि नेहमीप्रमाणे समोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. चामोर्शीची बस दोनला होती आणि आत्ताशी बारा वाजले होते. वनकार्यालयातल्या सगळ्यांनी हे दोन तास केव्हाच मान्य करून टाकले होते. शिपाई इसरू न सांगता दोन चहा ठेवून गेला.

पोरीनं, दिव्यानीनं, लग्न होऊन हैदराबादला जाताना हा तुरेवाला विदेशी पोपट, कॉकॅटेल, आईच्या गळ्यात मारला होता. मग गावात कुणीतरी सांगितलं, विदेशी पाखरू नोंदवलं नाही तर वनवाले उचलून नेतात. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात आवाज करणारं तेवढंच एक. बाई घाबरून पहिल्या बसनं आल्या होत्या.

डोमाबाबूंचं सांगायचं, तर बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा कागद विनाकारण अडवला नव्हता. बायको वारल्यापासून तर ते जेवायच्या सुट्टीतही कागद निकाली काढत. नोंदणी लागणाऱ्या प्राण्यांच्या यादीत कॉकॅटेल नाहीच, हे त्यांना पहिल्या सोमवारीच ठाऊक होतं. सांगायला तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात बाई पाखराच्या खोड्या सांगायला लागल्या, आणि बाबूंच्या लक्षात आलं, की आपल्यासमोर इतका वेळ कुणी बसल्याला वर्षं लोटली. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला मागितला.

दाखल्यानंतर विकत घेतल्याची पावती, मग पिंजऱ्याचं माप, मग आहाराचा तक्ता. तक्ता तर बाबूंनी स्वतः पट्टी घेऊन आखून दिला. सोमवारी सदऱ्याला इस्त्री आणि डोक्याला तेल असायचं. मोठे साहेब येऊन राह्यले का आज, असं इसरू तोंड वळवून विचारायचा. मंगळवारी कचेरी उगाच मोठी वाटायची.

आता या शुक्रवारी बाबू निवृत्त होत होते. पुढच्या सोमवारी खुर्चीत दुसरा माणूस असणार, आणि तो बाईंना खरं काय ते एका मिनिटात सांगून मोकळा होणार. मग बाईंच्या लेखी डोमाबाबू म्हणजे गरीब बाईला तीन महिने फिरवणारा माणूस, तेवढंच उरणार. आपणच सांगितलं तर? तरी त्या उठून जाणारच.

पावणेदोन झाले. पाखरू हल्ली मिरचीतलं बी तेवढं टिपून खातं आणि साल अंगावर फेकतं, हे बाई रंगवून सांगत होत्या. बाबूंनी त्यांना थांबवलं.

"बाई, तुमच्या पाखराले कोनताच कागद लागत नाई. पयलेपासूनच लागत नव्हता. मीच तुमाले उगाच फिरवून राह्यलो होतो."

"काऊन?"

बाबूंनी रिकामा कप बशीत सरळ केला.

"सोमवार तेवढा बरा जाये."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. रंभाबाई उठल्या नाहीत.

"पाखरू तर तिसऱ्या सोमवाराच्या आदीच मेलं, बाबू."