उद्याचा खाडा

जळगावच्या पाइप कारखान्यातला मॅनेजर अभिमन चाळिशी उलटल्यावर कम्प्युटर शिकायला निघाला. दर रविवारी धुळ्याला क्लास. सरावासाठी एका रविवारी त्यानं कामगारांची तीन वर्षांची हजेरी प्रोग्रामला दिली आणि विचारलं, उद्या कोण येणार नाही?

पडद्यावर नाव आलं, सुकलाल. पंधरा वर्षांत एक खाडा नाही त्याचा! अभिमनला हसूच आलं.

सोमवारी सुकलालचं मशीन बंद होतं. अभिमननं घाबरून फोन लावला.

"तुमनाच मेसेज उना ना साहेब, आजपाइन येऊ नका म्हनीसन."

अभिमननं मोबाइल उघडला. काल कम्प्युटरच्या पडद्यावर नाव आल्यानंतर एका मिनिटानं सुकलालला मेसेज गेला होता. त्यानं तो लिहिलाच नव्हता. तरी शेवटी, तो नेहमी लिहितो तसंच, 'काळजी घ्या' होतं.