पांढरी पट्टी

फौंड्रीच्या गेटवर रोज सकाळी बोट टोचायचं आणि रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा. उष्णतेनं पेशी होरपळल्या की त्या डागडुजीची प्रथिनं बनवतात. ती रक्तात सापडली तर पट्टी निळी होते आणि माणसाला दिवसभर सुट्टी मिळते. पांढरी राहिली तर सरळ भट्टीवर. हा नियम एसी केबिनात बसणाऱ्यांनी केला होता.

"सुखदेवमामा, आजही पांढरीच," पट्ट्या तपासणारी रेहाना म्हणाली. आठवडाभर हेच चाललं होतं.

"लोखंड आहे आमचा मामा!" सुपरवायझर गुरव हसला. "ताणच नाही त्याला. दोन नंबरच्या भट्टीवर घ्या."

"साहेब, नऊ वर्षं आगीपुढं उभे आहेत ते. हात बघा कसे थरथरतायत. पेशी थकल्या त्यांच्या, प्रथिनं बनवायचंच सोडलंय त्यांनी."

"पट्टी तुमचीच ना बाई? मग तिचं ऐका." एवढं बोलून गुरव आत गेला.

रेहानानं स्वतःचं बोट टोचलं. गेटवरची तपासणी आटोपली की ती दिवसभर भट्टीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसायची; तिथं तिला दोनच महिने झाले होते. तिच्या पेशी अजून झुंजत होत्या. पट्टी गडद निळी झाली. तिनं ती हजेरीच्या वहीत सुखदेवच्या नावापुढं चिकटवली.

"मामा, भट्टीकडं फिरकू नका. डॉक्टरकडं जा."

"आणि उद्या गं?"

"उद्या दुसरं बोट आहे."

रांगेत मागं उभ्या बाळूनं हात पुढं केला. त्याचीही पट्टी पांढरीच राहिली. रेहानानं उद्याचं बोट आजच टोचलं.