माडावरची हिरवी पाल

"तू हो पुढे, मला जरा माडाआड जाऊ दे," एलादियो म्हणाला. "म्हातारपणी दर तासाला झाड गाठावं लागतं."

"मग दोन-दोनदा कॉफी ढोसायची कशाला?" रिगोने टोमणा मारला, पण मनातून त्याला हायसं वाटलं. पिशवीतली डबी उघडायला एवढी सवड पुरे होती.

एलादियो टोपी काखेत दाबून माडामागे दिसेनासा झाला.

डबीत विकत आणलेली हिरवी पाल होती. मूळची मादागास्करची, पाठीवर लाल ठिपके. तीस वर्षांपूर्वी अशीच एक फ्लोरिडाच्या या बेटावर, याच माडांवर मोकळी फिरताना दोघांना दिसली होती. कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेल्यांची पिल्लावळ. त्या दिवशी दोन बाप्ये शाळकरी पोरांसारखे नाचले होते. पुढे दर रविवारी इथेच यायचं, पाली मोजायच्या आणि आकड्यावरून भांडायचं.

गेल्या वादळानंतर मात्र एकही दिसली नव्हती. आणि आज दुपारी एलादियो लेकीकडे शिकागोला कायमचा चालला होता. त्याने रिकामे माड डोळ्यांत घेऊन जाऊ नये, एवढंच रिगोला हवं होतं. परमुलखातले जीव आणून सोडणाऱ्यांना दोघांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. तरी त्याने झाकणाला हात घातला.

तेवढ्यात आरोळी आली. "रिगो! अरे धाव, बैलोबा!"

बुंध्यावर ती होती. पोपटी, टवटवीत, मान वर करून बघणारी.

रिगोने पिशवी चाचपली. डबी बंदच होती. म्हणजे ही खरी, रानातली!

"वाचल्या रे," तो कसाबसा म्हणाला. डोळे भरून आले होते.

"वाचणारच! आता दर रविवारी यायचं. मी नाही म्हणून घरात लोळत पडायचं नाही. मोजायच्या आणि मला फोनवर आकडा सांगायचा."

"सांगेन. तुझ्यासारखा फुगवून नाही सांगणार."

रस्त्यावर गाडी थांबली होती. एलादियो आत जाऊन बसला, मागे वळून न बघता. त्याला न्यायला आलेली त्याची लेक, यानेत, रिगोला मिठी मारायला खाली उतरली.

"आवडली ना पाल, काका?" तिने विचारलं. "सकाळपासून चार दुकानं फिरवलं बाबांनी मला. हिरवीच हवी म्हणून हटून बसले होते."